आधी दोष, मग पैसे

नाशिकच्या तमाम गॅरेजवाल्यांनी एकत्र जमून कधी सामुदायिक नवस बोलायचं ठरवलं, तर तो धंद्याच्या बरकतीसाठी नसेल. 'हिच्या मामांची गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी दारात बंद पडू दे,' एवढंच ते देवाकडे मागतील. हिच्या म्हणजे माझ्या बायकोच्या. नात्याने ते माझे मामेसासरे, पण सासरेपणाचा एकही गुण त्यांच्या अंगी नाही. जावई दारात आला की लोक त्याला पाणी विचारतात. हे आधी त्याच्या स्कूटरजवळ जाऊन एक किक मारून बघतात. वय सत्तरीच्या पुढे, अंगकाठी सडपातळ, शर्टाच्या खिशात कायम एक छोटी बॅटरी, आणि कुणीतरी आपल्याला फसवायच्या बेतात आहे व आपण त्याचीच वाट पाहतोय असा चेहऱ्यावर प्रसन्न भाव. उभं आयुष्य त्यांनी सिन्नरच्या एका कारखान्यात बेअरिंगं तपासण्यात घालवलं. तपासणीची यंत्रं नंतर आली. त्याआधी म्हणे बेअरिंग कानाशी धरून बोटाने फिरवायचं आणि पास की नापास ते सांगायचं. मामांनी नापास केलेलं बेअरिंग मोठ्या साहेबांनाही कधी पास करता आलं नाही, असं ते स्वतः सांगतात. मामी ह्या गोष्टीला दुजोरा देत नाहीत, पण ती खोडूनही काढत नाहीत.

त्यांची माझी पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. मुहूर्ताला वीस मिनिटं उरली होती, मी मुंडावळ्या बांधून उभा होतो, आणि नवरीला बोहल्यावर आणायचं काम ज्याचं, तो नवरीचा मामाच कार्यालयात कुठे सापडत नव्हता. शेवटी कुणीतरी त्यांना मागच्या अंगणातून धरून आणलं. तिथे ते जनरेटरजवळ कान देऊन उभे होते. आल्या आल्या त्यांनी भाचीचा हात धरायचा सोडून भटजींना गाठलं. "त्याचं पुढचं बेअरिंग चाललंय," ते म्हणाले, "फार तर अर्धा तास काढेल. मंगलाष्टकं जरा आवरती घ्या." भटजींना हा आपल्या गळ्याचा अपमान वाटला आणि त्यांनी मुद्दाम ताना वाढवल्या. चौथ्या मंगलाष्टकाला दिवे, पंखे आणि माइक एकदम गेले. सगळा मांडव 'अरेरे' करत होता आणि अंतरपाटापलीकडे, माझ्या होणाऱ्या बायकोच्या मागे, एकच चेहरा समाधानाने उजळलेला मला घामाच्या धारांतून दिसत होता. तो जनरेटर मामांनीच बंद पाडला, असं माझे सासरे आजही मानतात.

कुणाच्याही घरी गेले की ते आधी वर, पंख्याकडे बघतात. पंख्याने परीक्षा दिली की मग यजमानांशी बोलणं. आमच्या एका नातेवाइकांचे वडील गेले म्हणून ते भेटायला गेले होते. दहा मिनिटं सगळे खाली मान घालून बसले, मामांची मान मात्र वर. शेवटी त्यांच्याच्याने राहवेना. "गेलेल्याचं काही करता येत नाही," ते त्या मुलाला हळूच म्हणाले, "पण ह्या पंख्याचं अजून करता येईल." मामी म्हणतात, "ह्यांना माणसाचं बोलणं दहादा सांगावं लागतं, आणि पलीकडच्या बिल्डिंगमधल्या पाण्याच्या मोटरीचं दुखणं मात्र एका ऐकण्यात कळतं."

पण गॅरेजवाले घाबरतात ते ह्या कानाला नव्हे, मामांच्या नियमाला. नियम असा: गाडीला काय झालंय ते आधी सांगायचं. छातीवर हात ठेवून सांगायचं. मग पाना हातात घ्यायचा. सांगितलेला दोष खरा निघाला, तर मागशील ते पैसे, एका रुपयाची घासाघीस नाही. खोटा निघाला, तर नवा पार्ट काढायचा, जुना होता तसा बसवायचा आणि चहा पिऊन मोकळं व्हायचं. चहा मामांचा. आता गाडी दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, हा नियम म्हणजे धंद्याच्या मुळावरच घाव. कारण अर्धी विद्या चालते ती 'हे बदलून बघू, नाही तर ते बदलू' ह्यावरच. आणि माझ्यासारखी माणसं ती चालवतात. गाडीच्या बाबतीत मी पूर्ण ढ. मेकॅनिकने बॉनेट उघडून 'च्च' केलं की मी लगेच 'करून टाका' म्हणणाऱ्यांतला. एकदा माझी गाडी सकाळी चालू होईना. एकाने बॅटरी बदलली, दोन दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मग त्याने स्टार्टर बदलला. मग वायरिंग. तिन्ही वेळा मी पैसे दिले आणि तिन्ही वेळा आभार मानले. शेवटी दोष निघाला एका सैल झालेल्या अर्थिंगच्या वायरमध्ये. हे कळल्यावर मामा मला म्हणाले, "जावईबापू, तुम्ही गाडी दुरुस्त केली नाहीत. त्या माणसाला शिकवणी लावलीत. फी तुम्ही भरली, पास तो झाला."

हे मला ऐकवून थांबतील तर ते मामा कसले! एकदा त्यांनी स्वतःची गाडी, वीस वर्षांची पांढरी गाडी, मुंबई रस्त्यावरच्या एका मोठ्या, वातानुकूलित सर्व्हिस सेंटरात नेली. मलाही 'साक्षीदार' म्हणून बरोबर घेतलं. तिथे कॉफी फुकट होती आणि गळ्यात पट्टा घातलेला एक अतिशय नम्र तरुण होता. त्याने गाडीला वायर जोडली, हातातल्या स्क्रीनवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "सर, एक सेन्सर चेंज करून बघू या."

"बघू या?" मामा खुर्चीत पुढे सरकले. "बघायचं तुम्ही, आणि तिकीट मी काढायचं?"

"सर, बहुतेक तोच इश्यू आहे."

"बहुतेक किती? रुपयात बारा आणे? चौदा आणे?"

त्या तरुणाला आणेच माहीत नव्हते. मामांनी त्याला ते समजावून सांगितले, त्यात पाऊण तास गेला, आणि शेवटी त्याच्याकडून अंदाजपत्रकाच्या खाली 'दोषाची खात्री नाही' असं लिहून, सही करून घेतलं. आजकाल सर्व्हिस सेंटरवाले 'आपल्या गाडीची सर्व्हिसिंग बाकी आहे' म्हणून ऊठसूट फोन करत असतात. मामांना तिथून पुन्हा कधी फोन आला नाही.

अशा माणसाला संजू भेटला, ही देवाचीच करणी. संजू मूळचा नामपूरकडचा, कांद्याच्या ट्रकांवर हात बसलेला, आणि पाथर्डी फाट्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये त्याने गॅरेज टाकलेलं. मामा पहिल्यांदा त्याच्याकडे गेले तेव्हा त्याने बॉनेट उघडलं, गाडी चालू केली, बंद केली, परत चालू केली, आणि हात पुसत म्हणाला, "काका, मला नाय कळलं." मामा मला सांगत होते, आयुष्यात इतकं खरं बोलणारा माणूस त्यांना गॅरेजात भेटला नव्हता. ते तिथेच एका जुन्या टायरवर बसले. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून कुठला आवाज कुठून येतो ते कसं ओळखायचं, हे त्यांनी त्याला त्या दुपारी शिकवलं. तेव्हापासून बारा वर्षं झाली. ह्या बारा वर्षांत दोघांची भांडणं इतकी झाली आहेत की शेजारचा पंक्चरवाला ते भांडताना दिसले नाहीत तर काळजीने चौकशी करतो. संजू एरवी आपल्यासारखंच बोलतो, पण संतापला की गावाकडची अहिराणी तोंडात येते. तो मला एकदा म्हणाला होता, "काकांच्या गाडीवर मी कमावलं काहीच नाय. पण शिकलो तिच्यावर, आणि कमावलं बाकीच्यांच्या गाड्यांवर."

पैसे देण्याचीही मामांची एक रीत होती. दुरुस्ती झाली की गॅरेजात पैसे द्यायचे नाहीत. सपाट रस्त्यावर कुठलीही गाडी शहाण्यासारखी वागते, असं त्यांचं मत. त्यामुळे त्र्यंबकच्या पुढे हरसूलच्या रस्त्याला जो चढ लागतो, तिथे गाडी न्यायची. मामा चालवणार, संजू शेजारी, मागे मामी आणि सुटी असली तर मी. मामींच्या मांडीवर थालीपिठांचा डबा. गाडी वर पोचली आणि दोष गेलेला असला, की माथ्यावर एका बाजूला गाडी घेऊन मामा खाली उतरत, पाकीट काढत आणि पूर्ण पैसे संजूच्या हातात ठेवत. मग थालीपिठं. दोष गेलेला नसला तरी थालीपिठं होतीच, पण ती जरा कमी बोलत खाल्ली जात. मामी पहिल्या वर्षी ह्या प्रकाराला 'येडेपणा' म्हणत, मग हळूहळू गाडी बरेच दिवस बिघडली नाही तर त्याच विचारू लागल्या, "काय हो, सगळं बरं आहे ना गाडीचं?"

गेल्या वर्षी संक्रांत झाली आणि मामांचा फोन आला. "जावईबापू, गाडीला आवाज लागलाय." लॉटरी लागल्याचं लोक ह्याच आवाजात सांगतात. बारीक, उंच पट्टीतली, सलग शिटी. काचा वर केल्या की जास्त येते. मी गेलो, गाडीत बसलो, पुष्कळ कान दिला. मला काही ऐकू येईना. पण मी म्हणजे तीनदा फी भरलेला माणूस; मला ऐकू न येणं हा काही पुरावा नव्हे. मामांनी विचारलं, "येतोय ना?" आणि मी म्हणालो, "हो, किंचित." इथेच माझं चुकलं. संजूने मात्र पहिल्या दिवशी तासभर ऐकून स्वच्छ सांगितलं होतं की गाडीत काही नाही. पण मामांनी त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर घेतला, इंजिनावर टेकवला, मूठ कानाला लावली आणि म्हणाले, "हा बघ. अल्टरनेटरमधून येतोय." ज्या कानाने आपल्याला शिकवलं, तो कान चुकेल असं संजूच्या मनातही आलं नाही. त्याला वाटलं, आपणच अजून कच्चे आहोत.

अल्टरनेटरचं बेअरिंग बदललं. हरसूलच्या चढावर शिटी कायम. जुनं बेअरिंग परत बसलं. पुढच्या खेपेला मामांना ती वॉटर पंपातून आली. मग पट्ट्यातून. मग पुढच्या चाकातून. जिथे स्क्रू-ड्रायव्हर टेकवावा तिथून शिटी! फेब्रुवारी गेला, मार्च गेला. सात खेपा झाल्या. सात वेळा संजूने पार्ट घातले आणि सात वेळा काढले. मामांनी नियमाप्रमाणे त्याला छदाम दिला नाही आणि त्यानेही नियमाप्रमाणे मागितला नाही. पण त्याची बाकीची कामं तुंबली, दोन गिऱ्हाइकं सोडून गेली. सातव्या खेपेनंतर शेडमध्ये त्याचा तोल गेला. "काका, तुमनी गाडीमा काहीच नही शे!" तो ओरडला. पंक्चरवाला हवा भरायची थांबला. मामा रागावले नाहीत. "दमलास तू," एवढंच म्हणाले, "दोन दिवस विश्रांती घे. सापडेल."

त्या संध्याकाळी संजू माझ्या घरी आला. आयुष्यात पहिल्यांदा. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "दाजी, खरं सांगा. तुम्हाला येतो का तो आवाज?" त्याचं लग्न झालेलं, दोन मुलींचा बाप, केसांत पांढरं डोकावू लागलेलं, आणि परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "नाही संजू. कधीच आला नाही." तो खुर्चीत मागे टेकला. मग म्हणाला, "मला वाटलं, माझेच कान गेले." आणि मग दोघांच्याही मनात जे यायचं ते आलं आणि दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही. शिटी गाडीत नव्हती, आमच्याही कानांत नव्हती. मग ती राहिली कुठे? पण मामांना हे सांगणार कोण? एखाद्याचा हात मोडला तर सांगता येतं. ज्याचं सगळं आयुष्य, सगळा मान, सगळी मिजास एका कानावर उभी आहे, त्याला 'मामा, तुमचा कानच नापास' असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

मी मामींना गाठलं. त्या वाल सोलत होत्या. मी आडवळणाने सुरुवात केली, तर म्हणाल्या, "कान ना? मला दोन महिन्यांपूर्वीच कळलंय. घरात बसले की म्हणतात फ्रीजला आवाज लागलाय. फ्रीज बंद केला तर म्हणतात इन्व्हर्टरला लागलाय. परवा दिवे गेले होते, सगळं घर चिडीचूप, तर म्हणाले खालच्यांच्या फ्रीजला लागलाय. दिवे खालच्यांचेही गेले होते!"

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"दुसऱ्याने सांगितलेला दोष त्यांनी कधी मानलाय?" मामी म्हणाल्या. शेंग सोलायची मात्र थांबली होती. "त्यांचा त्यांना सापडू दे. मी सांगितलं तर भांडतील. आणि नाही भांडले तर मला सोसायचं नाही."

आठवी खेप एप्रिलच्या शेवटी झाली. ह्या खेपेला संजूने काहीच बदललं नव्हतं. त्याने फक्त गाडी धुतली होती. मामांनी विचारलंही नाही. ऊन कडक, चढावर करवंदांच्या जाळ्या लगडलेल्या, आणि गाडीत आम्ही चौघे. माथ्यावर आल्यावर मामांनी नेहमीच्या जागी गाडी बाजूला घेतली आणि किल्ली फिरवून बंद केली. एरवी ते लगेच 'अजून आहे' किंवा 'गेला' म्हणत. ते तसेच स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "संजू, बॅटरीची वायर काढ."

संजूने मुकाट्याने बॉनेट उघडून वायर काढली. मामा खाली उतरले. बॉनेटवर तळहात टेकवून जरा उभे राहिले. मग ते रस्त्याने चालू लागले. पन्नास पावलं गेले आणि थांबले, मान एका बाजूला कलती करून. आणखी पन्नास पावलं गेले आणि पुन्हा थांबले. आवाज कुठून येतो ते शोधायची साधी रीत आहे ती: ज्याच्यातून येतो त्याच्यापासून लांब जायचं, कमी झाला की समजायचं. मी त्यांच्या मागे निघालो तर मामी म्हणाल्या, "थांबा हो. जाऊ द्या त्यांना." मामा वळणापलीकडे दिसेनासे झाले. संजू गाडीच्या सावलीत उकिडवा बसून हातातल्या पान्याशी चाळा करत होता. मामींनी उघडलेला डबा पुन्हा झाकला. दहा-बारा मिनिटं गेली असतील, पण मला ती फार लांबली.

ते परत आले तेव्हा चाल नेहमीचीच होती. चेहरा घामाने डबडबलेला. "सापडला," ते म्हणाले. कुणीच 'कुठे' म्हणून विचारलं नाही. त्यांनी दोन बोटं आपल्या उजव्या कानावर ठेवली, गॅरेजात एखादा पार्ट दाखवावा तशी, आणि म्हणाले, "इथून येतोय. गाडी निर्दोष आहे."

 मग मामांनी पाकीट काढलं. "संजू, सात खेपांचे किती झाले ते सांग. मजुरी धरून."

संजू दोन पावलं मागे सरकला. "काका, मी पैसा नही लेत."

"का?"

"काय म्हणून घ्यायचे? काहीच दुरुस्त नाय केलं मी."

"दुरुस्तीचे कोण देतंय? निदानाचे देतोय," मामा म्हणाले. "गाडीत काही नाही, हे तू पहिल्या दिवशी सांगितलंस. बरोबर सांगितलंस. मी ऐकलं नाही, तो दोष माझा. बरोबर निदानाचे पैसे मी कधी बुडवलेत?"

संजू रडायच्या बेताला आला होता. इतकी भांडणं झाली, पण त्यात तो कधी जिंकला नव्हता. आज जिंकला होता तर त्याला ते सोसत नव्हतं. शेवटी मामीच म्हणाल्या, "घे रे बाबा. नाही घेतलेस तर उद्या पुन्हा मला थालीपिठं लावायला लावतील." तो हसला आणि त्याने पैसे घेतले. थालीपिठं खाऊन झाली तेव्हा मामांनी गाडीची किल्ली माझ्यापुढे धरली. त्यांची गाडी त्याआधी मी एकदाही चालवली नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना गंगापूर रोडला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तिथे काचेच्या एका छोट्या खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन देतात, आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. मी बाहेरून बघत होतो. मामा ताठ बसले होते, डोळे मिटून, बोट बटणावर. आतल्या बाईंनी एकेक आवाज सोडला, हळूहळू उंच पट्टीकडे गेल्या. सुरुवातीला मामांचं बोट पटापट चालत होतं. मग ते अधूनमधून चालू लागलं. मग बाई आपल्या बाजूने आवाज सोडत राहिल्या आणि मामांचं बोट तयारीतच राहिलं. मी तिथून उठून पाणी प्यायला गेलो.

डॉक्टर भले गृहस्थ होते. बारीक आणि हलके आवाज ऐकायची शक्ती बरीच गेली आहे, म्हणाले. वय आहे, आणि इतकी वर्षं कारखान्यातल्या गोंगाटात काढली आहेत. शिटी नेमकी कशामुळे, ते खात्रीने सांगता येत नाही. ह्या गोळ्या महिनाभर घ्या, एखाद्याला गुण येतो, एखाद्याला नाही.

मी मामांकडे बघितलं. मला वाटलं, आता हे खुर्चीत पुढे सरकणार. आता डॉक्टरांना कागदावर सही करायला लावणार. मी मनातल्या मनात म्हणत होतो, मामा, भांडा. इतकी वर्षं मी त्यांच्या भांडणांना लाजून दुसरीकडे बघत आलो, आणि त्या दिवशी एका भांडणासाठी जीव तुटत होता. मामांनी शांतपणे विचारलं, "तुमची फी किती?" आणि काढून दिली. गोळ्याही सगळ्या घेतल्या, महिनाभराच्या. पावती घडी न घालताच खिशात ठेवली.

परत येताना गाडी मीच चालवत होतो. मामा शेजारी बसून बाहेर बघत होते. कॉलेजजवळच्या गतिरोधकावरून गाडी गेली आणि मागच्या बाजूने काहीतरी वाजलं. पुढच्या गतिरोधकावर पुन्हा वाजलं. मला, म्हणजे मला ढ माणसाला, ते स्वच्छ ऐकू आलं. मामांनी मान वळवली नाही. पूर्वी हा आवाज त्यांनी घरातून, तिसऱ्या मजल्यावरून, भात कालवता कालवता ओळखला असता. सांगावं की गप्प बसावं, मला कळेना. चार महिने नसलेला आवाज येतो म्हणून मी त्यांच्याशी खोटं बोललो होतो. आता असलेला आवाज लपवला, तर त्यांनी पुढे विश्वास ठेवायचा तो कुणाच्या कानावर? सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी म्हणालो, "मामा, मागे डावीकडे काहीतरी वाजतंय."

ते माझ्याकडे वळले.  "खरंच वाजतंय?"

"खरंच. गतिरोधकावरून गेलं की वाजतं."

"कसं?"

"खुडुक असं."

"असं बातम्या दिल्यासारखं सांगून काय कळणार?" मामा म्हणाले. "नीट करून दाखवा. जसं वाजलं तसं."

मी आजूबाजूला बघितलं. काचा खाली होत्या, डावीकडे स्कूटरवर एक बाई, उजवीकडे रिक्षा. पन्नाशीला आलेल्या, चार माणसांत मान असलेल्या गृहस्थाने भर चौकात तोंडाने गाडीचा आवाज काढायचा, हे काही बरं दिसत नाही. मी काढला. स्कूटरवरच्या बाईंनी पदर तोंडाला लावला.

मामांनी डोळे मिटले होते. "सुरुवात जाड आहे का बारीक?"

"जाड."

"आणि शेवट? तुटतो का ओढला जातो?"

मी आठवून पाहिलं आणि दुसऱ्यांदा काढला, ह्या वेळी शेवट किंचित ओढून. मामांनी मान हलवली. त्यांचा एक हात डॅशबोर्डवर टेकला होता, बोटं हळूहळू हलत होती. सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, रिक्षावाला बाजूने काहीतरी बोलत निघून गेला. मी गिअर टाकायला हात पुढे केला तर मामांनी तो धरला.

"वाजवू द्या त्यांना," ते म्हणाले. "तुम्ही पुन्हा एकदा करा."

मी पुन्हा एकदा केला.